मोनेच्या चित्रातले धुके



आमच्या महाविद्यालयातील पदार्थविज्ञान विभागात माझ्या कपाटाच्या दारावर एका चित्राची छापील प्रत चिकटवलेली आहे. गणित विभागातले एक सहकारी एकदा चहा घेता घेता तिच्याकडे निरखून पाहत म्हणाले, "तुमची ही प्रत छापताना हललेली दिसते. दुसरी चांगली मिळाली नाही का?"

त्यांचा काही दोष नव्हता. चित्र आहे लंडन शहराचे. समोर थेम्स नदी आणि पलीकडच्या काठावर ब्रिटिश पार्लमेंटची प्रचंड इमारत. इमारत म्हणायचे ते आपण. चित्रात दिसतो तो नुसता जांभळट निळा आकार, वर निमुळत्या होत गेलेल्या मनोऱ्यांचा. खिडक्या नाहीत, दगड नाहीत, कडासुद्धा धड नाहीत. मागे दाट धुके आणि त्या धुक्याला एके ठिकाणी भोक पडावे तसा फुटलेला केशरी उजेड. तोच उजेड खाली पाण्यावर तुटक तुटक फटकाऱ्यांनी उतरलेला आहे. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचे हे चित्र. त्यावर १९०४ हे साल आहे आणि मूळ चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. ते फार मोठे नाही. सुमारे ८१ सेंटिमीटर उंच आणि ९२ सेंटिमीटर रुंद.

प्रत हललेली नाही हे मला ठाऊक होते. पण सहकाऱ्यांच्या शंकेने एक चांगला प्रश्न पुढे आला. चित्रातली ही अस्पष्टता नेमकी कुठली? छापखान्यातली, चित्रकाराच्या डोळ्यांतली, त्याच्या कल्पनेतली, की लंडनच्या हवेतली?

थोडी माहिती मोनेची. त्याचा जन्म १८४० चा आणि मृत्यू १९२६ चा. १८७४ साली पॅरिसमध्ये त्याने व त्याच्या मित्रांनी आपल्या चित्रांचे प्रदर्शन भरवले. त्यात मोनेने काढलेले एका बंदरातील सूर्योदयाचे चित्र होते आणि त्याच्या नावात 'इंप्रेशन' हा शब्द होता. एका टीकाकाराने थट्टेने तोच शब्द साऱ्या मंडळींना चिकटवला आणि तो कायमचा चिकटला. मराठीत या संप्रदायाला दृक्‌प्रत्ययवाद म्हणतात. नाव जड आहे, कल्पना सोपी आहे. वस्तू 'कशी आहे' हे न काढता, त्या क्षणीच्या उजेडात ती डोळ्यांना 'कशी दिसते' ते काढायचे. म्हणजे वस्तू आणि डोळा यांच्यामध्ये जी हवा असते, तिचेही चित्र आपोआप निघते. आमच्या विषयाचा या चित्राशी संबंध येतो तो इथे.

१८९९ च्या शरद ऋतूत, १९०० च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आणि पुन्हा १९०१ च्या आरंभी, अशा तीन खेपांना मोने लंडनला जाऊन राहिला. सकाळी तो थेम्सकाठच्या सॅव्हॉय हॉटेलातल्या आपल्या खोलीतून वॉटरलूचा पूल आणि चेअरिंग क्रॉसचा रेल्वे पूल रंगवी. दुपार कलली की तो सेंट थॉमस रुग्णालयाच्या गच्चीवर जाई. हे रुग्णालय नदीच्या पूर्व काठावर, पार्लमेंटच्या बरोबर समोर. संध्याकाळचा सूर्य पार्लमेंटच्या मागे उतरतो. त्यामुळे इमारतीची आपल्याकडची बाजू सावलीत असते आणि मागचे आकाश उजळलेले असते. या तीन खेपांतून जवळजवळ शंभर चित्रे तयार झाली. त्यांतली १९ पार्लमेंटची आहेत. उजेड बदलला की हातातले चित्र बाजूला ठेवून त्या उजेडाचे दुसरे, अर्धवट राहिलेले चित्र तो पुढे ओढी.

आता आधी डोळ्यांचा प्रश्न निकालात काढू. मोनेला मोतीबिंदू होता हे बऱ्याच जणांनी ऐकलेले असते आणि मग त्याच्या सगळ्याच अंधूक चित्रांचे खापर त्या मोतीबिंदूवर फोडले जाते. परंतु मोतीबिंदूचे निदान १९१२ साली झाले आणि शस्त्रक्रिया १९२३ साली. लंडनची चित्रे त्याआधी बारा-तेरा वर्षांची आहेत. शिवाय मोतीबिंदू वाढला की डोळ्यातले भिंग पिवळट तपकिरी होते आणि निळा प्रकाश अडतो. लंडनच्या चित्रांत तर निळ्या-जांभळ्याचे राज्य आहे. वॉटरलू पुलाच्या चित्रांत पुलाच्या जवळच्या कमानी बऱ्याच स्पष्ट आहेत आणि पलीकडच्या काठावरची कारखान्यांची धुराडी मात्र विरघळत चाललेली दिसतात. जसजसे अंतर वाढते तसतसे रंग फिके होतात. हे काम हवेचे.

कसली हवा? धुके म्हणजे हवेतील बाष्प गोठून झालेले पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब, हे तुम्ही भूगोलात शिकलात. पण बाष्पाला थेंब होण्यासाठी कशाचा तरी आधार लागतो. १८८० च्या सुमारास जॉन एटकेन या स्कॉटिश शास्त्रज्ञाने हे प्रयोगाने दाखवले. एका भांड्यात साधी हवा आणि दुसऱ्यात कापसातून गाळून घेतलेली हवा घेऊन त्याने दोन्हींत वाफ सोडली. साध्या हवेत दाट धुके झाले. गाळलेल्या हवेत झाले नाही. धुळीचा किंवा धुराचा कण नसेल तर बाष्प सहजासहजी थेंब बनत नाही.

हा प्रयोग तुम्हीही करू शकता. प्लॅस्टिकच्या पारदर्शक बाटलीत चमचाभर कोमट पाणी घाला, बूच लावून बाटली जोराने हलवा. बाटली दोन्ही हातांनी दाबा आणि एकदम सोडा. आत फारसे काही दिसणार नाही. आता बूच काढा, एक काडी पेटवून विझवा आणि तिचा धूर बाटलीत शिरू द्या. बूच लावून पुन्हा दाबा आणि सोडा. सोडताच आतली हवा प्रसरण पावून थंड होते आणि या वेळी बाटलीत पांढरे धुके दाटते. दाबले की नाहीसे होते, सोडले की पुन्हा येते. (काडी पेटवताना घरातले मोठे माणूस जवळ असू द्या.)

आता बाटलीच्या जागी लंडन शहर कल्पा. १९०० च्या सुमारास उपनगरांसह साठ लाखांहून अधिक वस्तीचे हे शहर दगडी कोळशावर जगत होते. घरोघरच्या शेगड्या कोळशाच्या, कारखान्यांची बॉयलरे कोळशाची, आगगाड्या कोळशाच्या. हिवाळ्याच्या शांत रात्री जमीन लवकर थंड होते. तिला लागून असलेली हवाही थंड होते आणि वर तुलनेने उबदार हवेचा थर राहतो. एरवी खालची ऊबदार हवा वर चढते. इथे खालचीच हवा थंड आणि जड असल्याने ती हलत नाही. थेम्सचे खोरे जणू झाकण ठेवलेले पातेले होते. नदीचे बाष्प आणि लाखो धुराड्यांचा धूर त्यातच कोंडून राही. कोळशातला गंधक जळून सल्फर डायऑक्साइड वायू होतो; तो थेंबांत विरघळून पुढे त्याचे सल्फ्युरिक आम्ल बनते. आम्लाचे कण पाणी ओढून घेतात आणि फुगतात. त्यामुळे हवा बाष्पाने पुरती भरलेली नसतानाही धूसर राहते. १९०५ साली डेस व्हो नावाच्या डॉक्टरांनी धूर आणि धुके यांच्या इंग्रजी नावांची मोडतोड करून या मिश्रणाला 'स्मॉग' हे नाव दिले. आपण त्याला धुरके म्हणतो. शब्द तसाच, जोडकामाने बनलेला.

अशा हवेतून पाहताना वस्तू अंधूक का होते याचे उत्तर बहुतेक विद्यार्थी असे देतात: "सर, वस्तूकडून येणारा प्रकाश अडतो." उत्तर अर्धे बरोबर आहे. वस्तूकडून निघालेला काही प्रकाश वाटेतले कण इकडेतिकडे विखुरतात. पण त्याच वेळी आकाशातून, सूर्याकडून येणारा दुसराच प्रकाश हे कण आपल्या डोळ्यांकडे वळवतात. म्हणजे वस्तूवर एक उजळ पडदा चढतो. म्हणून धुक्यात काळी वस्तू अधिक काळी न होता फिकी होते. मोनेच्या चित्रात सावलीतली इमारत काळी हवी होती. ती जांभळट निळी दिसते ती या पडद्यामुळे.

वस्तू आणि तिच्यामागचे आकाश यांच्या उजळपणातील फरकाला चित्रकार उठाव म्हणतात. आपणही तोच शब्द घेऊ. उठाव अंतरानुसार ठरावीक पटीने घटतो. समजा २०० मीटरवर तो निम्मा होत असेल, तर ४०० मीटरवर पाव, ६०० मीटरवर एक अष्टमांश, याप्रमाणे. किरणोत्सर्गी पदार्थाचा अर्धायुकाल तुम्ही शिकला असाल, तर गणित अगदी तेच. फक्त काळाच्या जागी अंतर. मूळ उठावाचा पन्नासावा भाग, म्हणजे शेकडा २, उरला की काळी वस्तू आणि आकाश यांत डोळ्यांना भेद करता येत नाही. त्या अंतराला दृश्यमानता म्हणतात. पन्नासावा भाग उरण्यासाठी किती वेळा निम्मे करावे लागेल? पाच वेळा केले तर ३२ वा भाग, सहा वेळा केले तर ६४ वा. म्हणजे साडेपाच-पावणेसहा वेळा.

हे आपल्या चित्राला लावून पाहू. तिथे नदीचे पात्र सुमारे २५० मीटर रुंद आहे. दृश्यमानता १ किलोमीटर असेल, तर उठाव दर १८० मीटरला निम्मा होईल आणि नदीपलीकडे पोहोचेपर्यंत शेकडा ३८ च्या आसपास उरेल. अर्धा किलोमीटर दूर असलेल्या मनोऱ्याचा उठाव शेकडा १४ राहील. याउलट हवा स्वच्छ असून दृश्यमानता २० किलोमीटर असेल, तर नदीपलीकडे शेकडा ९५ उठाव शिल्लक राहतो आणि खिडकी अन् खिडकी मोजता येते. इमारत तीच, नदी तीच, चित्रकार तोच. हवेत तरंगणारे कण तेवढे बदलले.

रंगांचे कोडे अजून उरले. एका उभ्या काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घ्या, त्यात दुधाचे चार-पाच थेंब टाकून ढवळा आणि अंधाऱ्या खोलीत एका बाजूने विजेरीचा पांढरा झोत सोडा. पेल्याकडे बाजूने पाहिले तर पाणी निळसर दिसेल. समोरून, पाण्यातून विजेरीकडे पाहिले तर दिवा पिवळट नारिंगी दिसेल. दुधाचे थेंब वाढवत नेले की नारिंगी गडद होईल आणि शेवटी पाणी सगळ्या बाजूंनी नुसते पांढरे होईल.

याचे स्पष्टीकरण लॉर्ड रॅले यांनी १८७१ साली दिले. प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा पुष्कळ लहान असलेले कण निळा प्रकाश तांबड्यापेक्षा अधिक विखुरतात. तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात हे प्रकीर्णन होते. निळ्याची तरंगलांबी ०.४५ मायक्रॉन आणि तांबड्याची ०.६५ मायक्रॉन धरली, तर निळा चौपटीहून अधिक विखुरला जातो. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) धुराचे बारीक कण या नियमाच्या जवळपास वागतात. धुक्याचे थेंब मात्र १० मायक्रॉनच्या घरातले, म्हणजे तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठे. ते सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतात, म्हणून निव्वळ धुके पांढरे किंवा करडे असते. कोकणातल्या घाटात पावसाळ्यात ढग उतरतो तो कधी नारिंगी दिसला आहे का? लंडनच्या हवेत बारीक धूरही होता आणि मोठे थेंबही. सूर्याकडून थेट येणाऱ्या प्रकाशातला निळा भाग वाटेत गळून गेला आणि केशरी तेवढा पोहोचला. गळलेला निळा इमारतीवरच्या पडद्यात उतरला. मोनेने रंग थोडे अधिक गडद केले असतील, चित्रकाराला तेवढी मोकळीक असतेच. पण कुठे केशरी आणि कुठे निळा ही वाटणी त्याने मनाने केलेली दिसत नाही.

"दिसत नाही" असे मी सावधपणे म्हणतो, कारण इथे एक अडचण आहे. मोनेने ही चित्रे लंडनमध्ये पुरी केली नाहीत. तो ती फ्रान्समधील झिवेर्नी येथे घरी घेऊन गेला आणि पुढची तीन-चार वर्षे तेथील चित्रशाळेत त्यांवर काम करत राहिला. १९०४ मध्ये पॅरिसला ३७ चित्रांचे प्रदर्शन झाले तेव्हा कुठे ती लोकांपुढे आली. मग त्यांत लंडन किती आणि झिवेर्नी किती?

बर्मिंगहॅम विद्यापीठातील जेकब बेकर आणि जॉन थॉर्न्स या संशोधकांनी २००६ साली या प्रश्नाला एक सुंदर वाट काढली. रंगांबद्दल वाद घालता येतो, पण सूर्य आकाशात कुठे असावा याबद्दल घालता येत नाही. पार्लमेंटच्या मनोऱ्यांच्या जागा आणि उंची ठाऊक आहेत. उदाहरणार्थ, व्हिक्टोरिया टॉवर ९८ मीटर उंच आहे. समजा तो अर्ध्या किलोमीटरवरून, त्याच्या पायथ्याच्या पातळीवरून पाहिला, तर त्याचे टोक क्षितिजापासून ११ अंशांवर दिसेल. अशा मोजमापांनी चित्र म्हणजे एक कोनमापकच होतो. मग चित्रातला सूर्य क्षितिजापासून किती अंश वर आहे आणि कोणत्या दिशेला आहे, हे वाचता येते.

या दोन कोनांवरून तारीख कशी निघते? १४ फेब्रुवारीच्या सुमारास लंडनमध्ये सूर्य पश्चिम बिंदूच्या दक्षिणेस सुमारे २१ अंशांवर मावळतो आणि २१ मार्चला बरोबर पश्चिमेस. पाच आठवड्यांत २१ अंश, म्हणजे दररोज सुमारे ०.६ अंश. सूर्याचे बिंब अर्धा अंश रुंद असते. म्हणजे मोने गच्चीवरून पाहत असे तेव्हा मावळता सूर्य रोज स्वतःच्या रुंदीपेक्षा थोडा अधिक उजवीकडे सरकत होता. तसेच एकाच दिशेला असताना तो फेब्रुवारीत खाली आणि मार्चमध्ये वर असतो. दिशा आणि उंची दोन्ही कळल्या की दिवसही कळतो आणि वेळही. ज्या नऊ चित्रांतून सूर्याची जागा काढता आली, त्यांच्या तारखा फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या अखेरच्या आठवड्यापर्यंत निघाल्या आणि मोनेने पत्नीला पाठवलेल्या पत्रांशी त्यांचा मेळ बसला.

(सूर्य त्याच जागी शरद ऋतूतही एकदा येतो आणि वर्ष कोणते ते तर तो कधीच सांगत नाही. पत्रे नसती तर हे कोडे अर्धेच सुटले असते. आपल्याकडे, मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर, याच पाच आठवड्यांत सूर्यास्ताची जागा सुमारे १४ अंशच सरकते. घराच्या गच्चीवरून एखादी टाकी किंवा झाड खुणेला धरून तुम्ही हे पडताळून पाहा; बिंब पूर्ण मावळल्यावर जागा टिपा, सूर्याकडे टक लावू नका.)

चित्रशाळेत रंग बदलले असतील, सूर्य मात्र जागचा हलला नाही. तेव्हा बाकीच्या निरीक्षणावरही काही विश्वास ठेवावा असे मला वाटते. २०२३ साली ॲना ली ऑलब्राइट आणि पीटर ह्यूबर्स यांनी पुढचे पाऊल टाकले. इंग्रज चित्रकार टर्नर याची ६० आणि मोनेची ३८ चित्रे घेऊन त्यांनी प्रत्येकातील उठाव संगणकाने मोजला. एकोणिसाव्या शतकात उठाव घटत आणि चित्रे फिकट होत गेलेली दिसली. आणि ही घट त्या काळात कोळशातून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडच्या अंदाजी वाढीशी बऱ्याच अंशी जुळली. एवढ्याने चित्रशैलीचा काहीच वाटा नाही असे सिद्ध होत नाही. दोन गोष्टी बरोबरीने बदलल्या म्हणजे एक दुसरीचे कारण असतेच असे नाही, हे शिक्षकांनी वर्गात आवर्जून सांगावे. तरीही दृश्यमानतेची नियमित मोजणी ज्या काळात होत नव्हती, त्या काळाची काही खबर या चित्रांतून मिळते.

मोनेला स्वतःला हे धुके हवेच होते. मार्च १९०० मधल्या एका पत्रात तो लिहितो की, सकाळी उठून पाहतो तर धुक्याचा मागमूस नाही, तेव्हा आता सारी चित्रे वाया जाणार म्हणून तो घाबरून गेला. पण हळूहळू शहरातल्या शेगड्या पेटल्या, धूर वर आला आणि त्याच्या जिवात जीव आला. हे वाचून मला थोडे अस्वस्थ वाटते. ज्या गच्चीवर उभा राहून तो धुराची वाट पाहत होता, ती एका रुग्णालयाची होती. पुढे ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनवर असेच झाकण बसले, तेव्हा सुमारे ४,००० माणसे अधिक दगावली असा त्या वेळचा हिशेब होता; नंतरच्या अभ्यासकांनी तो आकडा १२,००० पर्यंत नेला. त्यानंतर १९५६ साली ब्रिटनमध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला आणि शहरांतल्या कोळशाच्या शेगड्या हळूहळू विझत गेल्या. आज त्या काठावर उभे राहिले तर पार्लमेंटच्या खिडक्या बहुतेक दिवशी स्पष्ट दिसतात.

हे सारे मी गणिताच्या त्या सहकाऱ्यांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, दर १८० मीटरला निम्मे होण्याचे गणित कागदावर करून पाहिले, आणि मग पट्टी घेऊन कपाटापाशी गेले. "मग या प्रतीवरून त्या दिवशीची दृश्यमानता काढता येईल का?"

मला नाही म्हणावे लागले. छापताना शाई कमीजास्त होते, कागद पिवळा पडतो आणि उठाव तेवढाच बदलतो. मूळ चित्रापुढेच उभे राहावे लागेल.

"म्हणजे प्रत चांगली नाही," ते म्हणाले.